मोटारीची मोटर

गुहागरात 'मोटर' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो विहिरीत आहे. "मोटर लाव", "मोटर बंद कर", "मोटर जळली" ही वाक्ये इथल्या घराघरांत दिवसातून एकदा तरी उच्चारली जातात आणि ती सगळी पाण्याच्या पंपाविषयी असतात. रस्त्यावर धावते ती मोटार, विहिरीवर गुणगुणते ती मोटर. एका कान्याच्या फरकावर कोकणी माणसाने दोन यंत्रांची वाटणी करून टाकली आहे. त्याआधी या जागी रहाट होता. माडा-पोफळींच्या आगरांना पाणी पाजणाऱ्या रहाटाची कुरकुर ज्यांनी कानांनी ऐकली, अशी माणसे आता खालच्या पाटातही हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. रहाट संथ होता, हे सगळे सांगतात. तो संथ असूनही कधी अडखळत नसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणि प्रस्तुत लेखात आम्हांस जे म्हणावयाचे आहे, त्याचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी अधिक आहे.

विषय क्षुल्लक आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. वीतभर लांबीची, रेडिओलहरींवर चालणारी एक खेळण्यातली गाडी आमच्या घरी आहे. मूळ गाडीच्या एक-चोविसांश आकाराची. अशा गाडीला 'क्रॉलर' म्हणतात, म्हणजे सरपटणारी. दुरून चालवायच्या यंत्रांचा इतिहास जुना आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी बोट दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांना तो जादूचा प्रकार वाटला होता. पण त्यानंतरची शंभरेक वर्षे या छंदाचे सारे लक्ष वेगाकडे होते. दगडावरून इंच इंच चढणारी गाडी हा त्यातला अलीकडचा आणि काहीसा विक्षिप्त पंथ. एवढ्या लहान आकारात तो घरोघर पोचला, तो ॲक्सिअल या अमेरिकी कंपनीची एससीएक्स२४ ही गाडी २०१९-२० च्या सुमारास बाजारात आल्यानंतर. या पंथात शर्यत नाही. समोर एक दगड असतो आणि तो चढायचा असतो, इतकेच.

आणि दगडांच्या बाबतीत गुहागर श्रीमंत आहे. आमच्या परसामागे जांभ्याचा गडगा आहे आणि त्याच्या कडेने वर जाणारी पाखाडी आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश माणसाने १८०७ साली मलबारातल्या अंगडिपुरमच्या दगडाचे वर्णन करताना त्याला विटेवरून लॅटिन नाव दिले. आपण त्याला जांभा म्हणत होतो आणि अजूनही म्हणतो. जांभ्याला पावसाने भोके पडतात, त्या भोकांच्या कडा करवतीसारख्या राहतात, आणि पावसाळ्यानंतर त्यांत शेवाळ धरते. पाखाडीची एक पायरी सुमारे वीस सेंटिमीटर उंच. चोविसाने गुणा म्हणजे गाडीत बसलेल्या काल्पनिक माणसाच्या दृष्टीने तो पावणेपाच मीटरांचा कडा होतो. सरळ उभी पायरी कोणतीच गाडी चढत नाही, पण झिजलेल्या, कोपरा तुटलेल्या, मध्येच कलंडलेल्या पायऱ्या आमच्याकडे पुरेशा आहेत. ग्रामपंचायतीच्या काळातल्या दुर्लक्षाचे आम्ही या एका बाबतीत ऋणी आहोत.

(कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, ही गोष्ट मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. आमच्या गाडीची चारही चाके मोटरीने फिरतात आणि एका आसावरची दोन चाके एकमेकांशी जखडलेली असतात, त्यामुळे एक रुतले तरी त्याचे जोडीदार ओढत राहतात. रथाचे चाक बिचारे नुसते लोळणारे. ओढणारे घोडे पुढे. असो.)

गाडीसोबत आलेली मोटर ब्रशची होती. आपल्याकडे मिक्सर दुरुस्त करणारे त्याला 'कार्बन' म्हणतात: "कार्बन झिजलाय, बदलावा लागेल." फिरणाऱ्या आसावर तांब्याच्या पट्ट्यांचे एक कडे असते, शालेय पुस्तकांतला दिक्परिवर्तक, आणि त्याला दोन बाजूंनी ब्रश घासत राहतात. वीज आत पोचवणे आणि योग्य क्षणी तिची दिशा उलटवणे, ही दोन्ही कामे त्या घासण्यातूनच होतात. संथ चाल आणि भारी चढ या दोन्ही गोष्टी अशा मोटरीला मानवत नाहीत. ती तापते, ठिणग्या पडतात, ब्रश झिजतो. त्यात आमच्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर. मिठाची हवा बिजागऱ्या खाते, खिडक्यांचे गज खाते, ती तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्यांना काय सोडणार? एवढ्या लहान मोटरीत कार्बन बदलण्याची सोय नसते. गेली की टाकायची आणि दुसरी घालायची. दीड वर्षात तीन गेल्या. तेव्हा आमच्या भाच्याने, तो पुण्याला नववीत आहे आणि मे महिना व दिवाळी आमच्याकडे काढतो, निर्णय जाहीर केला, "मामा, आता ब्रशलेस घ्यायची."

'ब्रशलेस' हा शब्द कोकणातल्या घरांत या खेळण्यांबरोबर आलेला नाही, तो छतावरून उतरला. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघा तरुणांनी २०१२ साली ॲटमबर्ग ही कंपनी काढली, आणि तिच्या पंख्यांमुळे 'बीएलडीसी' ही चार अक्षरे किराणा मालाच्या यादीइतकी परिचित झाली. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, हा अठ्ठावीस. वीज गेली तर इन्व्हर्टर रात्रभर पुरतो. पावसाळ्यात गुहागरची वीज किती वेळा जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण पंख्याची मोटर आणि आमच्या गाडीची मोटर यांत एक भेद आहे. पंखा एका जागी एका दिशेने निवांत फिरतो. गाडीला दगडाच्या कडेवर थांबायचे असते, आणि थांबलेल्या अवस्थेतून पुन्हा, झटका न देता, निघायचे असते.

आता निवड. बाजारात शोधू गेल्यास प्रत्येक मोटरीवर दोन आकडे आढळतात. पहिला मापाचा: चार अंकी, त्यातले पहिले दोन व्यासाचे, पुढचे दोन उंचीचे, मिलिमीटरमध्ये. कोणी आतल्या लोखंडी गाभ्याचे माप देतात, कोणी बाहेरच्या डब्याचे, त्यामुळे दोन उत्पादकांची तुलना करताना सावध राहावे. दुसरा आकडा 'केव्ही'चा. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी हा आकडा मोठा मौजेचा आहे, कारण तो चुकीचा वाचला जावा अशाच बेताने लिहिलेला आहे. आमच्या तालुक्यात केव्ही म्हणजे किलोव्होल्ट. डोंगरावरून अंजनवेलच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या चारशे केव्हीच्या वाहिन्यांचे मनोरे इथल्या पोरांनी लहानपणापासून पाहिलेले. त्यामुळे करंगळीच्या पेराएवढ्या मोटरीवर '३४५० केव्ही' असे वाचून आमच्या शेजाऱ्यांनी हात मागे घेतला, तर त्यात नवल नव्हते. येथे त्याचा अर्थ इतकाच की भार नसताना एका व्होल्टला ही मोटर मिनिटाला इतके फेरे फिरते. के हा स्थिरांक, व्ही हा वेगाचा. व्होल्टाशी त्या अक्षराचा संबंध नाही, आणि गंमत अशी की गुणायचे मात्र व्होल्टानेच.

हा आकडा मोठा म्हणजे मोटर जोरदार, असा समज सर्वत्र आहे. आमच्या भाच्याचाही होता. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ९.५५ ला या आकड्याने भागले की एका अँपिअर प्रवाहात मोटर किती पीळ देईल, ते न्यूटन-मीटरमध्ये मिळते. (टॉर्कला पाठ्यपुस्तकांत निरनिराळे जड शब्द आहेत. आम्ही 'पीळ' म्हणतो, कारण सुंभ जळला तरी तो राहतो.) ३४५० ची मोटर एका अँपिअरला सुमारे २.८ मिलिन्यूटन-मीटर पीळ देते, ६००० ची जेमतेम १.६. म्हणजे वेगाचा आकडा जसजसा चढेल तसतसा तेवढ्याच विजेतून मिळणारा पीळ उतरतो. दोन्ही एकदम वाढवायचे तर मोटर मोठी घ्यावी लागते, आणि गाडी वीतभरच आहे.

हिशोब थोडा पुढे नेऊ. समजा मोटर चाळीस फेरे फिरली की चाक एकदा फिरते, आणि चाकाचा घेर सतरा सेंटिमीटर आहे. दोन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी ७.४ व्होल्टची. ३४५० च्या मोटरीने गाडी कागदावर ताशी साडेसहा किलोमीटर धावेल, ६००० च्या मोटरीने सव्वाअकरा. भाच्याने दोन्ही आकड्यांना चोविसाने गुणले आणि दुसऱ्याचे २७० आल्याचे पाहून त्याचे डोळे चमकले. आम्ही त्याला उलट टोकाचा हिशोब मांडून दाखवला. पायरीच्या कडेवर गाडी सेकंदाला एक सेंटिमीटर या चालीने न्यायची आहे. त्या वेळी चाक मिनिटाला साडेतीन फेरे फिरते आणि मोटर सुमारे एकशेचाळीस. पंचवीस हजार फेऱ्यांची ऐपत असलेल्या यंत्राने एकशेचाळीस फेऱ्यांवर, न अडखळता, फिरायचे! शंभरातला एक हिस्साही नव्हे. कोणत्याही जाहिरातीत हा आकडा नसतो. वरची मर्यादा छापलेली असते, खालची हातात घेऊनच कळते. समीक्षकाने कवीची सर्वोत्तम कविता घेऊन बसावे आणि त्याच्या साध्या, कामचलाऊ ओळींकडे पाहू नये, तसा हा प्रकार आहे. कवीचा कस आमच्या मते त्या ओळींत लागतो.

येथे ब्रशलेस मोटरीचे एक जन्मजात वैगुण्य सांगणे भाग आहे, आणि या सबंध व्यवहारात आम्हांस सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट तीच. ब्रशच्या मोटरीला आपला आस कोठे आहे हे घासण्यातून आपोआप 'कळते'. जो पट्टा ब्रशखाली आला त्यातून वीज जाते, दुसरे कोणी पाहावे लागत नाही. त्या स्पर्शापायीच ती झिजते. टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी १९६२ साली ब्रशच्या जागी अर्धवाहकांचे स्विच बसवलेल्या यंत्रावर निबंध वाचला, तेव्हापासून हा स्पर्श संपला. आता चुंबक फिरतो, तारेची वेटोळी स्थिर राहतात, आणि कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची हे बाहेरचा वेगनियंत्रक ठरवतो. पण त्याला चुंबक या घटकेस कोठे आहे ते कसे समजावे? फिरता चुंबक रिकाम्या वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न करतो, तिचा कानोसा घेऊन. मात्र ती वीज वेगाच्या प्रमाणात असते. वेग शून्य, की कानोसाही शून्य. म्हणजे मोटर चालू असेपर्यंत आपण कोठे आहोत हे तिला पक्के ठाऊक असते, आणि थांबली की ती आंधळी होते. पुन्हा निघताना नियंत्रक अंदाजाने एक झटका देतो; चुंबक बरोबर आला तर ठीक, नाही तर मोटर जागच्या जागी थरथरते. छंदिष्टांच्या भाषेत याला 'कॉगिंग' म्हणतात. आगबोटीत बसल्यावर काही माणसांना बोबडी वळते, तसा तो आवाज असतो. शर्यतीच्या गाडीला याचे सुखदुःख नाही, ती क्षणात पुढे निघून जाते. पायरीच्या कडेवर लटकलेल्या आमच्या गाडीला मात्र तो एक झटका खाली लोटायला पुरतो.

यावर उपाय दोन. मोटरीत चुंबकाची जागा सांगणारे संवेदक बसवणे, जे हॉल परिणामावर चालतात. पण एवढ्या लहान मोटरीत ते बसवलेले फारसे आढळत नाहीत. दुसरा उपाय गणिताचा. तिन्ही वेटोळ्यांत एकाच वेळी, लाटेसारखा चढता-उतरता प्रवाह सोडायचा आणि चुंबकाला नेहमी काटकोनात ओढ लागेल असा त्याचा तोल सांभाळायचा. सीमेन्स कंपनीतल्या फेलिक्स ब्लाश्के यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत मांडली ती कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांसाठी. तीन प्रवाहांचा हिशोब दोन काल्पनिक अक्षांवर आणण्याची जी पायरी तिच्यात लागते, तिला एडिथ क्लार्क यांचे नाव आहे. बाईंना अमेरिकेत विद्युत अभियंता म्हणून नोकरी मिळायला १९२२ साल उजाडावे लागले होते. नखाएवढ्या पट्टीवर बसलेली एक चीप आज ते गणित सेकंदाला हजारो वेळा करते आणि आमची गाडी शेवाळलेल्या जांभ्यावर टिकून राहते. वेगनियंत्रक घेताना या पद्धतीचा आहे की नाही, एवढे एकच पाहिले तरी निम्मी निवड झाली, असे आमचे मत आहे. हे नियंत्रक थांबल्यावर गाडी उतारावर धरूनही ठेवतात; त्या धरण्यात वीज खर्च होते आणि मोटर तापते, हेही ध्यानात असावे.

उरली मोटरीची जात. एकीत चुंबक आत फिरतो आणि बाहेरचा डबा बंद असतो. दुसरीत बाहेरची टोपीच चुंबकांसकट फिरते. टोपीवालीचा व्यास मोठा, चुंबक जास्त, त्यामुळे तेवढ्याच वजनात पीळ अधिक आणि केव्हीचा आकडा सहज खाली ठेवता येतो. जगभरचे क्रॉलरवाले तिचीच भलावण करतात. पण जगभराला गुहागरचा किनारा नाही. सुरूच्या बनापलीकडची ती मैलोगणती वाळू पांढुरकी दिसते खरी. पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यातून एकदा फिरवून पाहावा. त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून नद्यांनी वाहून आणलेले हे लोहयुक्त कण आहेत, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या इल्मेनाइटच्या वाळूवर भूवैज्ञानिकांचा डोळा फार वर्षांपासून आहे. उघड्या टोपीची, बारा-चौदा चुंबकांची मोटर अशा वाळूत नेणे म्हणजे मुंगळ्यांच्या वारुळाशी गूळ ठेवणे. चुंबक आणि गाभा यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते, एक खडा पुरतो. जांभ्याची तांबडी धूळ त्या मानाने सोज्ज्वळ, ती चुंबकाला तितकीशी चिकटत नाही. तेव्हा बंद डब्याची मोटर घेऊन किनारा राखायचा, की टोपीवाली घेऊन किनाऱ्यावर पाणी सोडायचे?

हा पेच सुटण्याआधीच भाच्याने पुण्याहून नमुन्यादाखल एका मोडक्या ड्रोनची मोटर आणली होती, ती घेऊन आम्ही बाजारपेठेतल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. एका खोलीचे दुकान, व्हार्निशचा वास, भिंतीला टेकून ओळीने बसलेले जळके पंप. तालुक्यातल्या अर्ध्या विहिरींचा कारभार त्या खोलीतून चालतो. आमचा अंदाज होता की ते हसतील. त्यांनी भिंग काढले, टोपी उचकटली, आतले नऊ दात मोजले, टोपीतले बारा चुंबक मोजले, आणि म्हणाले,

"सर, ही तर थ्री फेज."

"काका, ही बॅटरीवर चालते," भाचा म्हणाला.

"बॅटरीवर चालू दे नाही तर चुलीवर. बाहेर तीन वायरी, आत तीन गुंडाळ्या. तुझा तो जो डबा आहे ना, तो थ्री फेज बनवतो. मग ही नि आमच्या आगरातली एकच जात." मग त्यांनी टोके तपासली. "स्टार जोडलीय. वेग पाहिजे तर डेल्टा कर, जोर पाहिजे तर अशीच ठेव. वेग आणखी उतरवायचा तर वेढे वाढव."

भाच्याने आम्हांकडे पाहिले. तीन महिने पडद्यावर वाचून जे त्याने जमवले होते ते काकांनी तीन वाक्यांत सांगितले होते, आणि त्यांनी 'ब्रशलेस' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. घरी येऊन आम्ही ताळा घेतला. तीच वेटोळी स्टारऐवजी डेल्टा जोडली तर केव्ही १.७३ पट होतो. वेढे दुप्पट केले तर निम्मा.

निघताना आम्ही विचारले, ही जळली तर तुम्ही भराल का? "केसासारखी वायर आहे, पण भरीन. डोळे आहेत तोवर भरीन. तो डबा मात्र माझ्याकडे आणू नका. त्याच्यात आमच्यासाठी काही ठेवलेलं नाही." मग छताकडे बोट दाखवून, कोणाविरुद्ध तक्रार करतो आहोत असा सूर न लावता, त्यांनी सांगितले की नव्या पंख्यांचे वाइंडिंग सहसा जळत नाही, जाते ते सर्किट, आणि ते येते खोक्यात व जाते खोक्यात. पूर्वी उन्हाळ्यात दिवसाला चार पंखे येत.

'ब्रशलेस घ्यावी काय' हा प्रश्न त्या दुपारनंतर आम्हांस निव्वळ तांत्रिक वाटेनासा झाला. ब्रशची मोटर वाईट, पण ती सर्वस्वी फेकण्याची होती. तिच्यातही काकांसाठी काही ठेवलेले नव्हते. ब्रशलेसमध्ये मोटर तरी त्यांच्या हातची राहते, फक्त तिची अक्कल हातची जाते. दोहोंत पुरोगामी कोणती आणि परंपरेला धरून कोणती, हे आम्हांस अजून नक्की सांगता येत नाही, आणि वर्गात असल्या जोड्या फळ्यावर भराभर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते मान्य करावे हे बरे.

मोठी यंत्रे आणून ठेवण्याचा अनुभव या तालुक्याला आहेच. अंजनवेल-वेलदूरच्या त्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ च्या डिसेंबरात झाला. नव्या सरकारने तो १९९५ त रद्द केला आणि १९९६ त पुन्हा, अधिक मोठा, केला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि दोन वर्षांत, २००१ त, बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. केंद्र पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले, तेही दुसऱ्या कंपनीच्या हातून. त्या वादात दोन्हीकडून खूप लिहिले गेले. आमच्या पुरते त्यातले एक कलम लक्षात राहिले: वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे मोजावे लागत. भाच्याला ६००० ची मोटर हवी होती तेव्हा आम्ही त्याला हीच गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मामा, ही वीतभर गाडी आहे." मुद्दा बिनतोड होता.

नावांविषयी एक शब्द. फ्युरिटेक नावाची कंपनी याच आकाराच्या गाड्यांसाठी वेगनियंत्रक आणि मोटरी करते; एका नियंत्रकाचे नाव 'लिझर्ड', मोटरींचे 'कोमोडो'. कोमोडोचा राक्षसी सरडा हा आपल्या घोरपडीचा सख्खा भाऊबंद. पोवाड्यातली यशवंती सिंहगडाच्या कड्याला चिकटली, तिच्या कमरेला दोर होता आणि दोराला मावळे. इतिहासकार ती कथा मानत नाहीत, पण चढाईच्या यंत्राला घोरपडीचे नाव द्यावे हे कोणा परक्याला सुचले यावरून कथेमागचे निरीक्षण खोटे नव्हते, असे म्हणावयास हरकत नसावी. आमच्या घरी गाडीचे नाव साहजिकच यशवंती पडले.

शेवटी घेतली ती टोपीवालीच, ३४५० च्या आसपासची, आणि नियंत्रक लाटेच्या पद्धतीचा. मोटर आणि नियंत्रक मिळून खर्च मूळ गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात गेला. किनारा सोडला. भाच्याची वेगाची हौस तीन घटांच्या बॅटरीने भागवली: ११.१ व्होल्ट, म्हणजे तीच मोटर दीडपट धावते, आणि कागदावरचा वेग ताशी पावणेदहा किलोमीटरवर जातो. अट एवढीच की नियंत्रकाला तीन घट झेपत असावेत आणि सुकाणू फिरवणाऱ्या सर्वोला त्याने बांधीव, कमी दाबाचीच वीज द्यावी. दोन्ही गोष्टी आधी वाचून घेतल्या. तीन घटांची बॅटरी त्याच्या मालकीची, दोन घटांच्या दोन आमच्या. कोणती लावायची ते ज्याच्या हातात रिमोट तो ठरवतो.

पिनियन आणि मोठे चाक यांच्या दातांत कागदाची पट्टी घालून, ती सरकवून काढून, मग स्क्रू आवळायचे असतात. जास्त दाबले तर कुरकुर, सैल राहिले तर दात जातात. नियंत्रकाच्या पट्टीवर मिठाच्या हवेसाठी बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले, जोडांच्या जागा आणि बटण सोडून. भाचा जूनमध्ये गेला. त्याची बॅटरी दर घटाला ३.८ व्होल्टवर आणून, मातीच्या कुंडीत, न्हाणीघरापासून दूर ठेवली आहे, आणि यशवंती पाखाडीची सातवी पायरी अजून चढलेली नाही.